पर्सेंटेजबाबू

चि. रेवा आणि चि. निखिल,

मान खाली, चष्मा कपाळावर, डाव्या हाताचा पंजा कानामागे, उजव्या हातात शाईत बुडवलेला टाक, आणि कानावर खोचलेली पेन्सिल. "एक... दोन... तीन..." ज्या माणसाने तीन वर्षं माझी हजेरी घेतली, त्याने त्या तीन वर्षांत हजेरी घेताना एकदाही वर पाहिलं नाही. आज मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

आजच का, ते आधी सांगते. रेवा, तुझं पत्र तुझ्या आईने छापून माझ्या हातात दिलं. मेलबर्नच्या तुझ्या विद्यापीठात कला आणि कायदा अशा दोन पदव्या एकत्र करता येतात, आणि तू तसा अर्ज भरणार आहेस. खाली तू विचारलं आहेस, "आजी, तू पण कोलकात्यात दोन्ही एकदम केलंस ना? झेपतं का?"

"झेपतं" एवढं उत्तर पोस्टकार्डावर मावलं असतं. पण ते अर्धंच खरं आहे. माझ्या दोन पदव्यांमध्ये अकरा तासांचा घोटाळा आहे. तो मी तुमच्या आजोबांना सांगितला होता, तुमच्या आईला अर्धा सांगितला, आणि तुम्हांला पूर्ण सांगणार आहे. मराठी अडलं तर आईला विचारा, पण वाचा सगळं.

आम्ही तेव्हा भवानीपुरात राहत होतो. तेव्हा कलकत्ताच म्हणत. माझे वडील, म्हणजे अण्णा, फोर्ट विल्यममधल्या एका लष्करी कचेरीत मुलकी नोकरीत होते. घरात मराठी, जिन्यात बंगाली, दूधवाल्याशी हिंदी आणि अभ्यासाला इंग्रजी, अशी आमची वाटणी होती. नोकरी बदलीची. कलकत्त्यात सात वर्षं टिकलो याचंच आईला नवल वाटे.

बी.ए. झाल्यावर तिथे एक सोय असे. सकाळी आठ ते दहा कायद्याचे दोन तास, मग दिवसा एम.ए.चे वर्ग. आवार एकच, इमारती दोन, मधे पटांगण. पुष्कळ मुलं दोन्हीकडे नाव घालत. एम.ए.वर नोकरी लागली नाही तर कायदा आहे, कायद्यात जम बसला नाही तर एम.ए. आहे, असा हिशेब. मी पहिल्या वर्षी एम.ए.चा अर्ज द्यायला उशीर केला, म्हणून नुसता कायदा घेतला. दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं. त्यामुळे दोन्हींची शेवटची परीक्षा एकाच वर्षी येणार होती. कायद्याच्या वर्गात सव्वाशे विद्यार्थी होते आणि त्यांत मुली तीन.

हजेरीला तिथे कुणी हजेरी म्हणत नसे. "पर्सेंटेज" म्हणत. शंभरात पंचाहत्तर भरले तर तुम्ही "कॉलेजिएट". साठ ते पंचाहत्तर असले तर "नॉन-कॉलेजिएट", म्हणजे अर्ज करून परीक्षेला बसता येई. साठाच्या खाली "डिस-कॉलेजिएट". तो शब्द आम्ही मोठ्याने उच्चारतही नसू. डिस-कॉलेजिएट म्हणजे परीक्षा नाही, वर्ष गेलं.

कायदा शिकवायला हायकोर्टातले वकील येत. त्यांना साडेदहाच्या आत कोर्ट गाठायचं असे, म्हणून हजेरी घेण्याचं काम कचेरीतल्या एका बाबूंकडे दिलेलं होतं. तेच पर्सेंटेजबाबू. जाड धोतर, कोपरावर रफू केलेला शर्ट, काखेत छत्री. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेले. सियालदहच्या फलाटावर बायको आणि दोन ट्रंका घेऊन पंधरा-वीस दिवस काढले होते, आता बागबाजारला मेहुण्याकडे एका खोलीत राहत होते. हे मला नंतर कळलं. आधी कळला तो त्यांचा स्वभाव.

प्रवेशाचा अर्ज घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या खिडकीशी गेले, तेव्हा त्यांनी माझं आडनाव वाचलं. वर न बघता म्हणाले, "मराठी?"

"हो."

"आमच्या बागबाजारला तुमच्या लोकांना अडवायला खंदक खणला होता. माहीत आहे ना?"

मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने कलकत्त्याच्या उत्तर टोकाला खंदक खणला होता, आणि त्याची सुरुवात बागबाजारला होती, हे मला माहीत होतं. मी मान हलवली.

"मग तू कशी आलीस, मा? खंदक ओलांडून?"

"ट्रामने."

"ट्रामने!" त्यांनी अर्जावर शिक्का मारला. "म्हणजे एवढा खंदक फुकटच गेला. रोल नंबर एकसष्ट."

मुलींना ते "मा" म्हणत. पुढे मी खिडकीशी गेले की ठरलेला प्रश्न, "खंदक ओलांडून, की ट्रामने?" आणि माझं ठरलेलं उत्तर. दोघांपैकी कुणालाच त्याचा कंटाळा आला नाही.

हजेरीच्या वेळी मात्र थट्टा नाही. त्यांचं एकच वाक्य असे: "आवाज आला, हजर. आवाज नाही, गैरहजर." तोंडाकडे बघणं त्यांच्या कामात बसत नसे. त्यामुळे आमच्या वर्गात प्रॉक्सीचं पीक होतं. प्रॉक्सी म्हणजे दुसऱ्याच्या नंबराला आपण "प्रेझेंट सार" म्हणायचं. मागच्या बाकावर एक जाडा मुलगा होता, तो चार नंबरांना चार आवाजांत उत्तर देई. एक बारीक, एक घोगरा, एक खोकून आणि एक स्वतःचा. सगळा वर्ग हसू दाबे. बाबू टाक चालवत राहत. आम्हांला वाटे, म्हातारा बहिरा आहे.

शेवटच्या वर्षाची सुरुवातच वाईट झाली. ट्रामच्या भाड्यावरून शहर पेटलं. ट्रामा बंद, दगडफेक, अश्रुधूर. तीन दिवस मी भवानीपुराहून पायी निघाले. अण्णांनी जाऊ दिलं कसं, याचं मला आज आश्चर्य वाटतं. बहुधा त्यांना मी कोपऱ्यावरून परत येईन असं वाटलं असावं. मी सियालदहवरून चालत कॉलेजात पोचले. वर्गात मी धरून तिघं. वकीलसाहेब आले नाहीत. पण बाबू बागबाजारहून चालत आलेले होते, धोतराला गुडघ्यापर्यंत धूळ. रजिस्टर कचेरीत कुलपात होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे ते आलेच नव्हते. बाबूंनी खिशातून दोन कोरे कागद काढले, मधे कार्बन घातला आणि उभे राहिले.

"एक... दोन... तीन..."

रिकाम्या बाकांपुढे त्यांनी सव्वाशे नंबर वाचले. दर नंबरानंतर थांबायचे, कानामागचा पंजा जरा पुढे करायचे, आणि मग पुढचा नंबर. एकोणिसाव्या नंबराचा मुलगा सियालदहच्या मेसमध्ये राहणारा होता. तो शेवटी म्हणाला, "सार, आम्ही तिघंच आहोत. आमचेच नंबर वाचा ना."

"जे नाहीत त्यांनाही विचारलं पाहिजे," बाबू म्हणाले.

पहिला तास संपल्यावर दुसऱ्या तासाची हजेरी पुन्हा पहिल्यापासून घेतली. असं तीन दिवस, त्याच कागदावर रकाने वाढवत. आम्ही तिघं बाहेर पडल्यावर पोट धरून हसलो.

मग पूजेच्या सुट्टीआधी आईला टायफॉइड झाला. दीड महिना मी घराबाहेर पडले नाही. त्या दीड महिन्यातली माझी रांग रजिस्टरात कोरी राहिली. हे गेलं ते गेलं. पण सुट्टीनंतर जे झालं ते माझं मी केलं.

एम.ए.ला माझा खास विषय मराठ्यांचा इतिहास होता. शिकवणारे प्राध्यापक वयाने थकलेले. त्यांनी आपला तास बदलून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊला घेतला. वर्गात आम्ही चौघं, आणि मोडी वाचता येणारी मी एकटी. अण्णांनी लहानपणी शिकवली होती. प्राध्यापक जुन्या कागदांचे फोटो माझ्यापुढे सरकवत आणि म्हणत, "वाचा." मी नसले तर वर्गच होत नसे. आणि नऊ ते दहा हा कायद्याचा दुसरा तास.

कायद्याच्या वर्गात माझी मैत्रीण होती नमिता. तिने एका वाक्यात प्रश्न सोडवला. "तू पहिल्या तासाला बस, हजेरी दे आणि जा. दुसऱ्या तासाला एकसष्टला मी बोलते. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

पहिल्या मंगळवारी इतिहासाच्या वर्गात माझं लक्ष मोडीत नव्हतं. पटांगणापलीकडे त्या क्षणी बाबू साठ म्हणत असतील, आता एकसष्ट, असं मी मनात मोजत होते. काही झालं नाही. दुसऱ्या वेळी मोजलं नाही. असं अकरा वेळा.

त्याच सुमारास अण्णांच्या बदलीचा हुकूम आला, जबलपूरला. त्यांनी साहेबांना विनंती करून तो मेपर्यंत लांबवला, फक्त माझ्या परीक्षेसाठी. मला समोर बसवून म्हणाले, "मेमध्ये आपण इथून निघणार. पुढच्या वर्षी तुला इथे ठेवायला माझ्याकडे माणूस नाही, घर नाही. जे व्हायचं ते या वर्षी."

हे नीट लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

फेब्रुवारीत कचेरीच्या फळ्यावर सूचना लागली. ज्यांची नावं एम.ए. आणि कायदा दोन्हींकडे आहेत, त्यांच्या दोन्ही हजेऱ्यांचे उतारे शेजारी-शेजारी लावून शनिवारी वरच्या कचेरीत पाठवले जातील. याआधी असं कधी केलं नव्हतं. मी ती सूचना दोनदा वाचली आणि तिथल्या बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी दरवान वर्गाच्या दारात येऊन ओरडला, "इकसठ नंबर! बाबू बुलाते हैं!"

खिडकीच्या आत, त्यांच्या टेबलाशी मी पहिल्यांदाच गेले. दोन रजिस्टरं उघडी होती आणि मधे त्यांचा लाकडी रूळ. खंदकाचा प्रश्न आला नाही.

"बस, मा." त्यांनी रूळ एका ओळीखाली लावला. "मंगळवार. नऊ ते दहा. इथे तू कायद्याला हजर." रूळ उचलून दुसऱ्या रजिस्टरावर ठेवला. "मंगळवार. नऊ ते दहा. इथे तू इतिहासाला हजर." मान खालीच. "मधे खंदक नाही हे कबूल. पण पटांगण आहे. तू कुठे होतीस?"

"इतिहासाला."

"मग इथे कोण बोललं?"

मी त्यांच्या रुळाकडे पाहिलं.

"नको सांगू. ती आपल्या नंबराला जांभई देत बोलते आणि तुझ्या नंबराला घाबरत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हांला कळत होतं?"

"सव्वाशे आवाज आहेत. ओळखायला पंधरा दिवस पुरतात. मी बहिरा नाही." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. माझ्या ओळीत अकरा ठिकाणी, शाईच्या खुणेशेजारी, पेन्सिलीचा एवढासा ठिपका होता. मी वरखाली पाहिलं. पान ठिपक्यांनी भरलेलं होतं. जाड्या मुलाच्या चार नंबरांना तर जणू गोवर आला होता. "आवाज आला म्हणून शाईने हजर. माणूस नव्हता म्हणून ठिपका. शाई कचेरीची आहे, पेन्सिल माझी."

"मग थांबवलं का नाही आम्हांला?"

 त्यांनी रूळ टेबलाच्या कडेला समांतर लावला.

"मी बी.ए. नाही, ठाऊक आहे? पण नापासही नाही. मला बसूच दिलं नाही. चार हजेऱ्या कमी पडल्या. आमच्याकडे पूर आला होता, मी नावेने कॉलेजात जायचो. मास्तर यायचे नाहीत. मी रिकाम्या वर्गात बसून परत यायचो. हजेरी कुणी घेतली नाही." मग म्हणाले, "कुणाला गैरहजर लिहायचं म्हटलं की माझा हात जड होतो. चुकतं ते. पण होतो."

पुढचं बोलणं त्यांनी हलक्या आवाजात आणि भराभर केलं, कारण शेजारच्या टेबलावर लोक होते. उतारे असेच वर गेले तर तिथला माणूस रूळ न लावताही बघेल. त्याला फसवणूक म्हणतात. कायदा जाईल आणि इतिहासही जाईल.

"आणि अकरा खोडले तर?"

त्यांनी कागदाच्या कपट्यावर आकडे मांडले. वर्षात दीडशे तास झाले. साठ टक्के म्हणजे नव्वद. माझ्या नावावर होते पंच्याण्णव. अकरा गेले की चौऱ्याऐंशी.

"म्हणजे मी डिस..."

"शब्द पुरा कर. शब्दाला काय भ्यायचं?"

मला पुरा करता आला नाही. सहा तास कमी पडत होते, आणि अण्णांनी लांबवलेली बदली, आईच्या उशाशी बसून वाचलेली पुस्तकं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी रडले नाही. पण ते रूळ बघत बसले म्हणून, नाहीतर रडले असते.

त्यांनी खण उघडला. आतून एक घडी घातलेला कागद काढला. ट्रामच्या दिवसांतली हजेरी. सव्वाशे नंबर, सगळ्यांपुढे आडव्या रेघा, आणि तीन नंबरांपुढे खूण.

"नियम आहे. विद्यार्थी आला, वर्ग झाला नाही, आणि त्याच वेळी घेतलेली हजेरी असली, तर तो तास त्याच्या नावावर धरता येतो. फक्त अर्ज लागतो. हा नियम मला तीस वर्षं उशिरा सापडला." त्यांनी चौऱ्याऐंशीखाली त्या तीन दिवसांचे सहा लिहिले आणि रेघ ओढली. "नव्वद. एकही जास्त नाही."

"एकही कमी नाही," मी म्हणाले.

"पण खोटे अकरा आधी जायला हवेत, तर खरे सहा येतील. मी नुसते खोडले तर विचारतील कुणी खोडले, का खोडले. तू आपल्या हाताने लिहायचं, की या अकरा तासांना मी नव्हते. खाली वडिलांची सही. कोण बोललं ते लिहू नको. विचारलं तर माझ्याकडे पाठव."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कचेरीला निघायच्या बेतात होते. मी अर्ज पुढे केला. त्यांनी उभ्यानेच वाचला. आई आतून विचारत होती, डबा घेतला का. 

"अकरा वेळा?"

"हो."

"पहिल्या वेळी भीती वाटली?"

"वाटली."

"अकराव्या वेळी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणाले.

अण्णांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि त्यावर बोटं ठेवली. "ही सही केली आणि त्यांनी परवानगी दिली नाही, तर तुझी कायद्याची पदवी आयुष्यात होणार नाही. हे समजून देते आहेस?"

"हो."

"पेन दे."

सही करून ते गेले. डबा राहिलाच. आईने तो माझ्या हाती बस-स्टॉपपर्यंत पाठवला, तेव्हा त्यांनी तो घेतला. पण बोलले नाहीत. चार दिवस बोलले नाहीत.

शनिवारी मला वर बोलावणं आलं. मोठं टेबल, पलीकडे कचेरीचे सुपरिंटेंडंट. बाबू बाजूला उभे, छत्री काखेत.

साहेबांनी माझा अर्ज वाचला. "तुमच्या जागी कोण बोलत होतं?"

मी टेबलाच्या कडेकडे पाहत राहिले.

"नाव सांगितलंत तर तुम्हांला सोपं जाईल."

नमिता त्या वेळी खाली जिन्यात उभी होती. तिने सकाळी मला सांगितलं होतं, "माझं नाव सांग, मी काही म्हणणार नाही." सांगताना तिचे ओठ पांढरे पडले होते. तिच्या घरी तिला कायदा शिकू देण्यावरून आधीच रणकंदन चाललं होतं.

"नाही सांगणार, सर," मी म्हणाले. 

"मग तुमचे सहा तास तरी मी का धरावेत?"

तेव्हा बाबू बोलले. "सर, हजेरी मी घेतली आहे. विचारायचं ते मला विचारा."

"तुम्हांला कळलं होतं, की आवाज दुसऱ्याचा आहे?"

"कळलं होतं."

"तरी हजर लिहिलंत?"

"लिहिलं."

"फक्त हिच्या बाबतीत?"

बाबूंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून नाकावर बसवला. तीन वर्षांत मी तो तिथे पहिल्यांदा पाहिला. त्यांनी साहेबांकडे सरळ बघून म्हटलं, "नाही, सर. सगळ्यांच्या. सहा वर्षं." आणि तो घडीचा कागद टेबलावर ठेवला. "पण हे सहा तास खरे आहेत. त्या दिवशी मीही चालत आलो होतो."

साहेबांनी मला बाहेर जायला सांगितलं. बाबू आतच राहिले. बंद दारातून काही ऐकू येत नव्हतं. मी जिन्यात नमिताशेजारी बसले. तिने विचारलं, "वाचलीस?" मी म्हटलं, "ठाऊक नाही." खरं सांगते, त्या वेळी मी फक्त माझाच विचार करत होते. आत उभ्या असलेल्या माणसाचं काय होणार, हा प्रश्न मला सुचलाही नाही. वीस-बावीस वर्षांची होते, पण ती सबब होत नाही.

आठ दिवस यादी लागली नाही. त्या आठ दिवसांत मी घटनेच्या कायद्याचं एकच प्रकरण पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. नवव्या दिवशी फळ्यावर कागद लागला. नॉन-कॉलेजिएट, परीक्षेस परवानगी. खाली नंबर. मी बोट लावून उतरत गेले. बावन्न. अठ्ठावन्न. एकसष्ट.

मी धावत खिडकीशी गेले. आत एक तरुण माणूस बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "काय पाहिजे?"

"इथले बाबू?"

"आता हजेरी मी घेतो. तोंड बघून." एवढं बोलून त्याने रजिस्टर उघडलं. ठिपके खोडरबराने पुसलेले होते. जिथे-तिथे कागद काळवंडला होता.

बाबूंना खाली तळघरात पाठवल्याचं दरवानाने मला सांगितलं. जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तिथे असत. नोकरी राहिली, हुद्दा गेला. मी त्याच दिवशी खाली जायला हवं होतं. गेले नाही. लाज वाटली म्हणा, परीक्षा होती म्हणा. दोन्ही परीक्षा पार पडल्या, घरात ट्रंका भरायला सुरुवात झाली, आणि निघायच्या आदल्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना, मी तळघराच्या पायऱ्या उतरले.

आत एकच बल्ब होता. गठ्ठे छतापर्यंत. ते पाठमोरे बसून दोरी सोडवत होते. काय बोलावं हे मी येताना ठरवलं होतं, ते सगळं विसरले. दारातूनच म्हणाले, "बाबू..."

"एकसष्ट," ते मागे न बघता म्हणाले. "खंदक ओलांडून, की ट्रामने?"

"ट्रामने," मी म्हणाले आणि तिथे मात्र रडले.

त्यांनी मला रडू दिलं. दोरी सोडवून झाल्यावर म्हणाले, "पेपर कसे गेले?"

"बरे गेले. बाबू, माझ्यामुळे तुम्ही..."

"ठिपके माझे होते, मा. तुझे नव्हते." त्यांनी गठ्ठा बाजूला सरकवला. "इथे बरं आहे. हे सगळे हजर असतात. कुणी प्रॉक्सी देत नाही."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक पातळ कागद काढून दिला. ट्रामच्या दिवसांतल्या हजेरीची कार्बन-प्रत. मूळ कागद वरच्या कचेरीत जमा झाला होता. "ठेव. कुणी विचारलं तर दाखवायला. मला कुणी विचारलं तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं."

मी वाकून नमस्कार केला. डोक्यावर हात ठेवताना त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत एकदाच. "अच्छा," म्हणाले, "अशी दिसतेस होय." आणि चष्मा पुन्हा कपाळावर गेला.

जबलपूरला निकाल आला. दोन्हींत पास. मी बागबाजारच्या पत्त्यावर पत्र टाकलं. उत्तर नाही. वर्षाने दुसरं टाकलं, ते परत आलं. वर बंगालीत शेरा होता की या नावाचे गृहस्थ घर सोडून गेले. पुढे लग्नानंतर मी नागपूरला आले, तिथे नमिता मला भेटायला आली होती, तेव्हा तिलाही त्यांचा पत्ता ठाऊक नव्हता. मी पुढे तीस वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली केली. साक्षीदार बोलत असला की मी मान खाली घालून ऐकत असे. ज्युनियर मला हसत.

तर रेवा, झेपतं. जरूर अर्ज भर. तास एकमेकांवर आले तर आधीच कुणाला तरी सांग.

तो कागद माझ्या कपाटात, पदव्यांच्या नळीत, दोन्ही पदव्यांच्या मधे आहे. कार्बनची निळी शाई फिकट झाली आहे, पण भिंग लावलं तर वाचता येते. सव्वाशे नंबर आहेत. त्यांतल्या तीन नंबरांपुढे हजर असल्याची खूण आहे. घेणाऱ्याचं नाव कुठेही नाही.

तुमची,
आजी